सुनेच्या उजव्या गालावरचा पदर

त्या सुनेचा पंचनामा मी आजही विसरलेलो नाही. तेव्हा पोलीस अधिकारी म्हणून माझी नेमणूक शिरपूर तालुक्यात होती. शेतातून परतणारी एक तरुण बाई गावाच्या तोंडाशी रस्ता ओलांडताना पिकअपखाली आली आणि जागीच गेली. चालक गाडी घेऊन पळाला. त्याच जागी आधीही दोघी गेल्या होत्या. गाव म्हणे, ती जागाच वाईट. मी भुताखेतांवर गुन्हा नोंदवत नाही, म्हणून गाडी शोधायला लागलो आणि आसपासच्या गॅरेजांना कळवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका गॅरेजवाल्या चाचांचा फोन आला. "साहेब, एक पिकअप आली आहे. चालक फुटलेला दिवा आत्ताच बदला म्हणतो, आणि सारखा रस्त्याकडे बघतो." चोराच्या मनात चांदणं! चालक तिथेच सापडला.

ठाण्याबाहेर चिडलेलं गाव जमलं होतं. आत चालक हात जोडून सांगत होता. "लोक मारतील म्हणून पळालो, साहेब. पण हॉर्न दिला, ब्रेक मारला. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. पदर ओढलेला होता."

मेलेल्या माणसावर दोष ढकलणं सोपं असतं, हे मला ठाऊक होतं. पण आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, आधीच्या दोघीही सुनाच होत्या." गावच्या लेकीही त्याच वाटेने शेतात जात. त्यांना कधी खरचटलंही नव्हतं. हे मात्र मला खटकलं.

पंधरवड्याने एका संध्याकाळी साध्या वेशात तिथे जाऊन उभा राहिलो. रस्त्यापलीकडे, गावाच्या बाजूला, जरा उजव्या हाताला सिमेंटचे बाक होते आणि त्यांवर म्हातारी मंडळी गप्पा मारत बसली होती. शेताकडून सुना आल्या. बाक दिसताच एकेकीने उजव्या गालावरून पदर खाली ओढला, मान खाली घातली आणि रस्त्यावर पाय टाकला. गाड्याही उजवीकडूनच येत होत्या. पदराआडून त्यांना एकही गाडी दिसत नव्हती.

एकीला विचारलं, तर ती म्हणाली, "समोर सासरा बठेल शे ना, साहेब. तोंड उघडं कसं ठेवसू?"

त्यांतल्याच एका बाकावर मृत सुनेचे सासरे बसले होते. गाव त्यांना आबा म्हणे. मी शेजारी बसून हळूच सगळं सांगितलं. ते रस्त्याकडे बघू लागले.

"म्हणजे ती मन्हा मानपायी गयी का, साहेब?"

मी नुसता त्यांच्या हातावर हात ठेवला.

चालकावर दोषारोपपत्र गेलंच. भरधाव येणं आणि पळून जाणं हे गुन्हे होतेच. गतिरोधकासाठी मी पत्रव्यवहारही केला. पण तोवर अपघात म्हणजे माझ्या लेखी चाकांच्या खुणा आणि वेग. पायी चालणारा माणूस कुठे बघत होता, आणि का बघू शकत नव्हता, हे विचारायला मी त्या गावात शिकलो. त्यानंतरच्या प्रत्येक पंचनाम्यात ते विचारलं.

त्या संध्याकाळनंतर आठवड्याभराने तिकडून जात होतो. बाक उचलून मंदिरामागे नेलेले होते. आबा एकटेच रस्त्याच्या कडेला उभे होते. पलीकडून एक नवी सून आली आणि त्यांना पाहून सवयीने तिचा हात पदराकडे गेला.

"पोरी, पदर मांगे कर," आबा ओरडले. "पहिले गाडी दख. मान घरमा दे."

ती घुटमळली. मग तिने पदर मागे सारला, उजवीकडे नीट पाहिलं आणि रस्ता ओलांडला. आबा तिच्या उघड्या चेहऱ्याकडे पाहत ओक्साबोक्शी रडत होते.