हिरव्या ट्रेलरची ओळ

ब्लॅकहोपच्या गावसमितीचं इतिवृत्त एफी प्रिंगल एकोणीस वर्षं लिहीत होती. गळका बसथांबा, चर्चपुढचे खड्डे, मोकाट कुत्री. दर महिन्याला तेच रडगाणं. गावातली चौकी बंद झाल्यापासून कॉन्स्टेबल रोना तीस मैलांवरून बैठकीला यायची, पोलिसांचा अहवाल वाचायची, चहा पिऊन निघायची. पोस्टातून निवृत्त झालेली एफी शब्द न् शब्द टिपायची. 'एफीसमोर शिंकू नका, इतिवृत्तात जाल,' असं गाव म्हणायचं.

त्या वर्षी मार्चमध्ये वॉट एलियटच्या चाळीस गाभण मेंढ्या डोंगरावरून नाहीशा झाल्या. एप्रिलच्या बैठकीत रोनाने वाचलं, "सोळा मार्चला दुपारी जंगलाच्या फाटकातून हिरवा ट्रेलर बाहेर पडताना दिसला. मागचा एक दिवा फुटलेला. माहिती असल्यास कळवा."

फाटकाला कुलूप असायचं आणि गावात त्याची किल्ली एकच, समितीच्या कपाटात; कपाटाची चावी अध्यक्षाकडे. सगळे एकमेकांकडे बघू लागले. अध्यक्ष सँडी लेडलॉ तेवढा चहाच्या कपात बघत राहिला.

दोन दिवसांनी तो एफीच्या मागच्या दारी आला. तीस वर्षांचा घरोबा; त्याची बायको नेटा दर गुरुवारी एफीकडे चहाला यायची.

"एफी, ती ट्रेलरची ओळ गाळून टाक."

"का रे?"

"उगाच गावाची बदनामी. बाहेरचे लोक वाचतात."

"वाचावं म्हणूनच लिहिते ना मी?"

"तुला मेलीला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायचंच असतं!" सँडी हसला, पण आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

एफीच्या मनात पाल चुकचुकली; सँडीच्या जावयाकडेही ट्रेलर होता. शनिवारी ती मुद्दाम सँडीच्या लेकीच्या शेतावरून फिरायला गेली. अंगणात जावई क्रेग ट्रेलरला राखाडी रंग देत होता.

"नवा रंग वाटतं?"

"गंज चढला होता, एफीबाई. आज इकडं कुठं वाट चुकलात?"

चाकावरच्या पत्र्याखाली हिरवी पट्टी उरली होती. मागचे दोन दिवे, एक जुना मळका, एक कोरा करकरीत.

घरी येऊन ती बराच वेळ कागदापुढे बसली. नेटाचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. अखेर तिने ती ओळ जशीच्या तशी टाइप केली, दुकानाच्या काचेवर इतिवृत्त चिकटवलं आणि रोनाला फोन करून पाहिलेलं सगळं सांगितलं.

अकरा दिवसांनी परगण्याच्या सीमेपलीकडच्या एका गोठ्यात एकतीस मेंढ्या सापडल्या, कानातले बिल्ले कापलेल्या. क्रेगने कबुली दिली. कपाटाची चावी सासऱ्याच्या खिशातून गुपचूप घेतली, असं तो म्हणाला. सँडी म्हणाला, "मला लेकीच्या संसाराची भीती वाटली, बाकी काही ठाऊक नव्हतं." त्याच्याविरुद्ध पुरावा नव्हता. त्याने अध्यक्षपद सोडलं.

एफीला वाटलं होतं, गाव मोकळा श्वास घेईल. उलट ती दुकानात शिरली की बोलणी थांबू लागली. ज्याच्या मेंढ्या परत मिळाल्या, त्या वॉटनेच एकदा विचारलं, "खरं सांग, तुला आधीपासून माहीत होतं ना?"

"माहीत असतं तर पहिल्या दिवशीच लिहिलं असतं, वॉट."

"हं," एवढंच म्हणून तो गेला.

गुरुवार रिकामे जात राहिले. ऑक्टोबरात एका दुपारी दार वाजलं. बाहेर नेटा उभी.

"सँडीला माहीत होतं का, ते मला विचारू नकोस."

"नाही विचारणार."

"पण मनात आहेच ना तुझ्या?"

खोटं बोलणं सोपं होतं. "आहे," एफी म्हणाली.

नेटा म्हणाली, "माझ्याही आहे." आणि कोट न काढताच आत येऊन खुर्चीवर बसली.