उलटे उतरणारे जवान

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील रेल्वेत होते, आणि रेल्वेपेक्षा जास्त युनियनमध्ये. घरात गोष्टींची पुस्तकं अगदी मोजकी, पण पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली, माळ्यावर, गव्हाच्या पिंपामागे. त्यामुळे 'राजा-राणी'च्या आधी मला 'तीव्र निषेध' वाचता येऊ लागलं. कुठल्याशा वाढदिवसाला मी पाहुण्यांसमोर उभी राहून "बंधू आणि भगिनींनो, आपल्या न्याय्य मागण्या" अशी सुरुवात केली होती म्हणे, आणि केक कापायला बराच उशीर झाला. आजही दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची झाली तर ती तीन परिच्छेदांची होते, आणि शेवटी इशारा असतो.

अशा माणसाकडे कोणी मदत मागू नये. पण गेल्या गणपतीच्या आधी माझ्या मोठ्या बहिणीने मागितली.

ताईचा नवरा फौजेत हवालदार. ताई दांडिया बाजारात सासऱ्यांसोबत राहते, आमच्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. भाऊजींची ठरलेली नोकरी पुरी होत आली होती. अशा वेळी फौजेत लिहून द्यावं लागतं, अजून पुढे राहायचंय की घरी जायचंय. भाऊजी गणपतीला रजेवर येणार होते आणि परत गेल्यावर काय ते लिहून देणार होते. ताईला ते घरी हवे होते. का, ते तिने कधी भाषण करून सांगितलं नाही. पण अनोळखी नंबरवरून फोन आला की ती आधी गॅस बंद करते आणि मग फोन उचलते, हे मी कित्येक वर्षं बघत होते. एकदा विचारलं तर म्हणाली, "दूध उतू जाईल ना गं, तसलं काही असलं तर."

"मग सांग ना त्यांना घरी या म्हणून," मी म्हणाले.

"सांगितलं. म्हणतात, बाबा काय म्हणतात बघू."

"आणि बाबा काय म्हणतात?"

"म्हणतात, त्याचं तो बघेल."

हे बाबा म्हणजे ताईचे सासरे. मी त्यांना काका म्हणते. सुभेदार होऊन निवृत्त झाले, मग एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी केली, आता दर रविवारी मिशा काळ्या करतात आणि उरलेला आठवडा त्या कोणाच्या लक्षात आल्या का ते बघतात. मला ते 'लीडर' म्हणतात.

"तू त्यांच्याशी बोल," ताई म्हणाली. "तुझं ऐकतात ते."

"माझं कोण ऐकतं?"

"ऐकत नाहीत, पण हसतात तरी. हसता हसता माणूस बोलून जातो."

एवढंच काम होतं. चहाला जायचं, काकांना हसवायचं, आणि मुलाबद्दल त्यांच्या मनात काय आहे ते काढून घ्यायचं. पण मी 'फौज' आणि 'घरी' हे दोन शब्द एकत्र ऐकले, आणि माझ्या डोक्यात मथळा तयार झाला. त्याच वर्षी टीव्हीवर सगळे युद्ध युद्ध ओरडत होते तेव्हा मी 'सैन्य माघारी बोलवा' असं पत्रक स्वखर्चाने छापून मांडवीत वाटलं होतं. युद्ध माझ्याशिवायच थांबलं. पत्रकं मात्र उरली, आणि त्यातली बरीचशी सेवउसळवाल्याकडे प्लेटखाली दिसत होती. तेलाने कागद पारदर्शक झाला की मजकूर उलट छान वाचता येत असे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तेवढ्यात ताईच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचे प्रमुख घरी आले. त्यांचं फरसाणाचं दुकान आहे. या वर्षी देखावा जवानांचा, म्हणाले. बर्फाचा डोंगर, त्यावर चढणारे जवान, वर झेंडा. मराठीत कॉमेंट्री लिहून हवी होती, कारण मंडळातली पोरं गुजराती शाळांतली, त्यांचं मराठी घरात जेवण मागण्यापुरतं उरलंय.

"बेन, मस्त लिहा," ते म्हणाले. "पण टूंकमां हं, थोडक्यात. लोक उभे असतात."

मी म्हणाले, लिहीन, पण एका अटीवर. माझे जवान चढणार नाहीत, उतरतील. घरी येतील. हा देखावा माघारीचा असेल.

प्रमुखांनी कपाळावरचा घाम पुसला. दुसरं कोणी लिहिणारं मिळत नव्हतं. "उतरवा," ते म्हणाले. "बाप्पाला काय, चढले काय नि उतरले काय."

माझा हिशेब असा, की देखावा ताईच्या दारासमोर, काका रोज आरतीला येणार, कॉमेंट्री त्यांच्या कानावर पडणार, त्यांचं हृदय हेलावणार आणि ते मुलाला म्हणणार, ये. एका माणसाचं मन वळवायला मी अख्खा डोंगर उभा करत होते. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "तू नुसती चहाला आली असतीस तरी चाललं असतं."

डोंगर थर्माकोलचा, बर्फ कापसाचा. जवानांचे पुतळे सायकलच्या चेनवर बसवलेले आणि चेन फिरवायला जुन्या कूलरची मोटर. पुतळे पायथ्याशी निघून वर चढायचे, शिखरामागे गुप्त व्हायचे आणि पुन्हा खालून निघायचे. वायरमनला मी विचारलं, यांना उतरवता येईल का?

"तार उलटी लावली की मोटर उलटी," तो म्हणाला.

"इतिहाससुद्धा असाच उलटा फिरवायचा असतो," मी म्हणाले. त्याने माझ्याकडे टेस्टर मागितला.

मोटर उलटी फिरली तरी पुतळ्यांची तोंडं फिरत नाहीत, हे माझ्या लक्षात आलं चतुर्थीच्या संध्याकाळी, गर्दीसमोर. पडदा सरकला. स्पीकरवर माझा आवाज गरजला, "जवानांनो, फिरा माघारी! तुमची घरं तुम्हाला हाक मारत आहेत!" त्यामागे साउंडवाल्याने आपल्या मनाने तोफांचे आवाज आणि शंख घातला होता, साधं लोकांना आवडत नाही म्हणून. आणि शिखरामागून माझे जवान प्रकट झाले. पाठीकडून. तोंड शिखराकडे, बंदूक शिखराकडे, आणि एकेक जण पाठमोरा, मागे मागे सरकत घरी निघालेला.

"अरे जो, रिव्हर्समां जाय छे!" एक पोरगं ओरडलं. गर्दी हसली. एका आजींनी शेजारणीला विचारलं, हे लादी पुसतायत का?

काका सगळ्यात पुढे होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग चेन दुसऱ्यांदा फिरली, तेव्हा हसले नाहीत. तिसऱ्यांदा फिरली तरी ते तिथेच उभे. जाताना प्रमुखांना म्हणाले, "सकाळी येतो. काही हलवू नका."

मी धावत ताईकडे गेले. "हेलावले," म्हणाले. "माझे शब्द लागले त्यांना."

"तोफांमध्ये शब्द कुठे ऐकू आले तुझे?" ताई म्हणाली.

सकाळी काका आले ते त्यांच्या दोन निवृत्त मित्रांना घेऊन. एक तोफखान्यातले, आता झेरॉक्सचं दुकान चालवतात. दुसरे नाईक या हुद्द्यावर होते, अजूनही एका प्लांटच्या गेटवर उभे राहतात. मागून भाऊजी, पहाटेच्या गाडीने आलेले, अंघोळ करून बनियनवरच. तिघा म्हाताऱ्यांनी डोंगराभोवती एक फेरी मारली. मला वाटलं, आता माझी फजिती होणार.

"उलटं उतरतायत ते बरोबर आहे," काका म्हणाले. "समोरच्याला पाठ दाखवून कोण उतरतं? पण लीडर, वर कोणी नाही."

"वर कोण पाहिजे?"

"सगळे एकदम उतरले तर उतरताना यांना सांभाळणार कोण? दोघं वर बसव. बंदुका घेऊन."

"काका, हा शांततेचा देखावा आहे. वर बंदुका नकोत."

"शांततेनेच बसतील," झेरॉक्सवाले म्हणाले. "गोळी मार म्हणून कोण सांगतंय त्यांना?"

संधी सोडायची नाही म्हणून मी मोबाइलचा रेकॉर्डर चालू केला. "काका, माजी सैनिक म्हणून युद्धाबद्दल तुमची भूमिका काय?"

"भूमिका? गुडघे दुखतात." त्यांनी थर्माकोल कापायची तार मागितली.

पण बाकी दोघांची जुंपली. तिघंही तरुणपणी श्रीलंकेत होते, हे मला तेव्हाच कळलं. झेरॉक्सवाले म्हणाले, दुसऱ्याच्या घरात जायलाच नको होतं. नाईक म्हणाले, गेलो होतो तर काम पुरं करून यायचं, अर्धवट सोडून आलो तर मेलेली पोरं कशासाठी मेली? "राहिलो असतो तर आणखी मेली असती," झेरॉक्सवाले म्हणाले. "तू तरी कुठला वाचला असतास." मग दोघं कापूस पिंजत बसले. रेकॉर्डिंग मी नंतर ऐकलं. त्यात शेजारच्या ज्यूसवाल्याचा मिक्सर अत्यंत स्वच्छ आला आहे.

काका शिखरावर खाच पाडत होते. "तिकडे मी आणि सेक्शनमधला एक पोरगा, आम्ही दोघं असेच बसलो होतो," ते म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. "एका शाळेच्या गच्चीवर. गाड्या बंदराकडे निघाल्या. आम्हाला सांगितलं, बसा, बोलावतो. धूळ दिसत होती गाड्यांची. मग धूळ पण दिसेना. पाय आपोआप उठायला लागले, मी हाताने दाबून धरले."

ताई तेवढ्यात सगळ्यांचा चहा घेऊन आली होती. काकांचा कप भरला आणि किटली हातातच ठेवून उभी राहिली.

"मग उतरलात कसे?" तिने विचारलं.

"बोलावलं तेव्हा."

"नसतं बोलावलं तर?"

"बसून राहिलो असतो. आपणहून उतरलं तर ते पळून येणं झालं ना."

"कोणी बोलावलं मग?"

"आमचा सेक्शन कमांडर चालत आला परत. शिव्या देत. म्हणाला, इथे लग्न लावायचंय का तुमचं?"

मित्र हसले. ताई हसली नाही. भाऊजी एका जवानाच्या पायाला फेविकॉल लावत खाली मान घालून बसले होते. ताई त्यांच्याकडे बघून सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, मग ह्यांना कोण बोलावणार? मी बोलावलं तर बायकोचं ऐकून आला म्हणतील. ते आपणहून यायचे नाहीत, तुम्हीच सांगितलंत आत्ता. तुम्ही बोलवा."

माझ्याकडे अशा प्रसंगासाठी निदान चार वाक्यं कायम तयार असतात. एकही आलं नाही. त्याबद्दल मी आजही स्वतःची आभारी आहे.

काकांनी कप खाली ठेवला, कापसात. "ऐकलंस का रे, ही काय म्हणते?"

"ऐकलं," भाऊजी म्हणाले. मान खालीच.

"मग ये."

"बाबा, इथे? मंडपात?"

"मग कुठे, ग्राउंडवर परेड लावू? ये घरी. पुरे झालं." आणि लगेच वळून वायरमनवर ओरडले, की ही वायर अशी उघडी का सोडली, कोणाला शॉक लागला म्हणजे?

भाऊजी तो पुतळा दाबून धरून राहिले, फेविकॉल वाळला तरी. मग म्हणाले, "माझ्या सेक्शनमधली पोरं नवीन आहेत सगळी."

"आम्ही पण नवीनच होतो," झेरॉक्सवाले म्हणाले.

दोघं जवान वर बसले. प्रमुखांनी माझी कॉमेंट्री पहिल्या दोन ओळींपुरती ठेवली, टूंकमां. विसर्जनापर्यंत लोक येत राहिले, हसत राहिले, आणि काका रोज संध्याकाळी गर्दीला थांबवून सांगत राहिले की हसू नका, हे असंच असतं. भाऊजी मला भेटले की म्हणायचे, "पुढारीणबाई, माझी नोकरी घालवलीत." एकदा मी विचारलं, तुम्हाला खरंच राहायचं होतं का? ते म्हणाले, "मला वाटायचं, मी मधेच आलो तर बाबा बाजारातून मान खाली घालून चालतील."

रजा संपली, ते गेले. मी माझ्या मित्रमंडळीत सांगून टाकलं होतं की माझ्या एका देखाव्याने सैन्य मागे घ्यायला लावलं. किती, असं कोणी विचारलं की मी विषय बदलत असे. पण ते तिकडे जाऊन नक्की काय लिहून देतात हे काही ठरलेलं नव्हतं. पोरं नवीन आहेत, साहेब आग्रह करतील, माणसाचं मन फिरतं. ताई त्या दिवसांत माझ्याशी नीट बोलतसुद्धा नव्हती. काका मिशा रंगवायला विसरले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले.

मग एका दुपारी मी गेले तर ताई लोखंडी कपाट उघडून बसली होती. कपड्यांचा ढीग जमिनीवर. भाऊजींचा निरोप आला होता, घरी येतोय असं लिहून दिलं. सुटायला अजून काही महिने होते, पण ती एक कप्पा रिकामा करत होती. तो पुरेना म्हणून दुसरा.

"इतकं सामान माझं एकटीचं कधी झालं गं?" ती म्हणाली.

काका पलंगावर बसून बघत होते. "दोन रिटायर माणसं घरात," ते म्हणाले. "दिवसभर. तुझं कसं व्हायचं?"

"एकाला बाजारात पाठवीन, एकाला दळणाला."

मी घसा साफ केला. म्हणाले, "ताई, मला वाटतं हा एका सामान्य कुटुंबाचा..."

"ते गाठोडं धर आधी," ताई म्हणाली. "आणि स्टुलावर चढ. माळ्यावर टाकायचंय."