एकोणपन्नास इंचांची जागा

मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरात कपाट आणि खिडकी यांच्या मधे गुणाजी परबांच्या लेकीचं टेबल होतं. श्रुतिका तिथे बसून जाहिरातींच्या फिल्म्स कापायची, जोडायची, त्यांचे रंग नीट करायची. काम संपलं की तिथेच ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर गाड्यांच्या शर्यती खेळायची. गुणाजी खाटेवर बसून बघत. ते फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करण्यात सगळी नोकरी गेली. फुकट गेलेली मेहनत त्यांना बघवत नसे. श्रुतिकाचा पडदा लहान. फिल्मची पट्टी त्यावर मावायची नाही. मागचं बघायला मागे सरकव, पुढचं बघायला पुढे सरकव. पोरीचा निम्मा दिवस सरकवण्यात जायचा.

नवा मॉनिटर घ्यायला दोघं घाटकोपरच्या दुकानात गेली. दोन पसंत पडले. एक चौतीस इंची, कडांना वळलेला. त्यावर शर्यत झकास दिसायची, कितीही वेगात चित्र फाटायचं नाही. पण कामाची पट्टी त्यावरही पुरती मावेना. दुसरा एकोणपन्नास इंची, दोन पडदे शेजारी शेजारी ठेवल्यासारखा. खेळाला किंचित मंद, रंग मात्र खरे. श्रुतिकाने सबंध फिल्म त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली आणि माउसवरचा हात काढून घेतला. काही न सरकवता नुसती बघत बसली. घरी ती इतकी ताठ बसलेली गुणाजींनी कधी पाहिली नव्हती.

मोठा मॉनिटर घरात मावला नाही तर दिंडोशीला ऑफिसजवळ मैत्रीण स्वरदाच्या भाड्याच्या घरात एक खोली रिकामी आहे, असं श्रुतिकाने आदल्या रात्री जेवताना सांगितलं होतं. सहज सांगावं तसं. त्यावर घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

दुकानातून आल्यावर गुणाजींनी आपली जुनी पोलादी पट्टी काढली आणि जागा मापली. मोठ्या मॉनिटरला एक सेंटीमीटर कमी. पुन्हा मापली. तेवढीच. खोटं माप त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "नाही बसत," ते म्हणाले. श्रुतिकाने मान हलवली. दोन दिवसांनी ती दिंडोशीची खोली बघून आली.

घर तेव्हापासूनच रिकामं वाटू लागलं. ती समोर बसलेली असायची, तरी गुणाजींना तिची आठवण यायची.

रविवारी ती बाहेर गेली होती. गुणाजींनी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि बायकोची शिवणाची टेप लावून मोठ्या मॉनिटरएवढा कापला. सुनंदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, बसत नाही म्हणालात ना? मग हा कोणाच्या लग्नाचा मांडव?"

गुणाजी उठले. पुठ्ठा जागेत धरला. तो अलगद आत गेला, शिवाय बाजूला बोटभर फट राहिली.

गुणाजींनी पट्टी उजेडात नेली. वितळलेलं पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून लाकडाचा नमुना तेवढा मोठा करायचा असतो. त्यासाठी पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचे सेंटीमीटरच जरा मोठे आखतात. हातात आली ती पट्टी तीच होती. घराच्या भिंती त्यांनी पोलादाच्या मापाने मोजल्या होत्या, म्हणून जागा कमी भरली होती. चुकीची लाज वाटायला हवी होती, पण त्यांना हसू फुटलं. पोरगी राहील.

संध्याकाळी श्रुतिका चपला काढत होती तेवढ्यात त्यांनी सांगून टाकलं. पट्टीचं सांगितलं, पुठ्ठा बसवून दाखवला. ती पुठ्ठ्याकडे बघत उभी राहिली.

"मला माहीत होतं, बाबा."

"काय माहीत होतं?"

"बसतो ते. तुम्ही मापलंत, त्याच दिवशी मीपण टेपने मापलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच नाही म्हणालात, ते बरं वाटलं मला. जाते असं मला म्हणावं लागलं नाही."

सुनंदाने आत गॅस बंद केला. श्रुतिका खाटेच्या कडेला बसली. मग हळूहळू म्हणाली की स्वरदाला अजून पक्कं कळवलेलं नाही. चौतीस इंचीवरही भागेल, खेळायला तर तोच बरा. "तो घेऊ या आणि राहते इथेच. तुम्ही सांगा."

गुणाजींनी तिच्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. तो त्यांच्या तोंडात तयार होता. पण तिचे खांदे पुन्हा पुढे झुकले होते, रोज टेबलाशी झुकायचे तसे, आणि हात मांडीवर उगाच मागेपुढे होत होता.

"मोठाच घे," ते म्हणाले. "सरकवण्यात दिवस घालवू नकोस."

"आणि इथे ठेवू?"

"तुला जिथे बसायचंय तिथे."

मांडीवरचा तिचा हात थांबला. मग त्यांनी विचारलं की दिंडोशीच्या त्या खोलीची खिडकी कुठल्या अंगाला आहे, पडद्यावर ऊन तर येणार नाही ना. श्रुतिका सांगू लागली. खिडकी उत्तरेला, समोर झाड, टेबल भिंतीला टेकून बसेल, दार उजवीकडे. गुणाजी मधे मधे विचारत राहिले. झाड कसलं, दार आत उघडतं की बाहेर. खोली तशी लहानच होती. तिने ती सावकाश सांगावी, एवढंच त्यांना हवं होतं.