दुसऱ्या महिन्यातली भिंत

माझं पहिलं लेकरू जन्मलं तेव्हा बायका म्हणाल्या, कृष्णाचा रंग घेऊन आलंय. राजूरजवळच्या आमच्या गावात नव्वदच्या सुमाराला एवढं कौतुक पुरेसं होतं. पुढे त्याचे ओठ आणि नखं जांभळट दिसायला लागली. दूध पिताना तो दमायचा, कपाळावर घाम फुटायचा, दोन घोट घेऊन थांबायचा. चालायला लागल्यावर चार पावलं टाकायचा आणि उकिडवा बसायचा. अंगणात मधेच असा म्हाताऱ्यासारखा बसला की सगळे हसायचे. मीही हसायची.

जालन्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून खूप वेळ ऐकलं. काय आहे ते सांगितलं नाही, औरंगाबादला जा म्हणाले.

औरंगाबादला जायच्या आदल्या दिवशी माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, शेजारणीला सांगत होत्या, मला ऐकू येईल अशा आवाजात. "सातव्या महिन्यात कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं हिनं. म्या नको म्हणलं व्हतं." गाठोडं मी घेतलं होतं, हे खरंच होतं. वेचणीला माणसं कमी होती.

तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर पोराचं हृदय पाहिलं आणि आम्हा दोघा नवराबायकोला समोर बसवलं. हे हात जोडूनच बसले होते. डॉक्टरांनी एका कागदावर चित्र काढलं. आधी हृदय म्हणजे नुसती एक नळी असते, म्हणाले. ती वाकते, पीळ घेते. मग आत भिंती उभ्या राहतात, चार खोल्या होतात, आणि वरची एकच रक्तवाहिनी दुभंगून तिच्या दोन होतात. तुमच्या मुलाची मधली भिंत पुरी जुळली नाही, फुप्फुसाकडची वाट अरुंद राहिली. म्हणून तो निळा पडतो. उकिडवं बसल्यावर फुप्फुसांकडे जरा जास्त रक्त जातं, हे त्याचं त्यालाच कळलंय.

मी विचारलं, "सातव्या महिन्यात मी कापूस उचलला होता. त्यानं झालं का?"

"नाही," ते म्हणाले. "भिंती दुसऱ्या महिन्यातच होतात. तुम्हाला दिवस राहिल्याचं कळलं असेल-नसेल तेव्हा. ठोके तर त्याच्याही आधी सुरू होतात."

यांनी सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. त्या दिवसांत मी मंठ्याला मावसबहिणीच्या लग्नात होते. नवीन लुगडं नेसून पंगतीत वाढत होते, चेष्टामस्करी करत होते, आणि तेव्हाच माझ्या पोटात ती भिंत अर्धी राहत होती. मला काही कळलंही नव्हतं. गाठोड्याची चूक असती, तर पुढच्या खेपेला टाळता तरी आली असती.

ऑपरेशन मुंबईला होईल, पण अजून वजन वाढू द्या, असं ठरलं. रडून निळा पडला तर गुडघे छातीशी दाबून धरा, हे त्यांनी मला करून दाखवलं. तसं केल्यावर तो बऱ्याच वेळा सावरला. एकदा सकाळी अंघोळीच्या पाण्यावरून रडायला लागला आणि काळानिळा झाला. मी गुडघे दाबून धरले. आत्याबाई त्याला हाका मारत होत्या. यांनी शेजारची जीप आणली तोवर त्याचं रडणं थांबलं होतं, आणि मला वाटलं, सावरला.

त्याला शेतात पुरलं. आम्हा बायकांनी तिथं जायचं नसतं. मी घरात बसून राहिले. घंगाळातलं पाणी कोमट होतं तसंच होतं, ते कुणी ओतलं मला आठवत नाही.

दुसऱ्यांदा दिवस राहिले ते मला लवकर कळलं. तो महिना मी श्वाससुद्धा जपून घेत होते. एका दुपारी आत्याबाई शेंगा फोडत जवळ येऊन बसल्या.

"त्या डागदरानं भिंत सांगितल्ती, ती ह्याच महिन्यात व्हती का?"

"हो."

"मंग आपण काय करायचं?"

"काहीच न्हाई, आत्याबाई. आपल्या हातात न्हाई."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणाल्या, "मंग तुला उगंच बोलले मी." त्या उठल्या, मला पाणी आणून दिलं आणि पुन्हा येऊन बसल्या.

मुलगी झाली. जालन्याच्या त्याच डॉक्टरांनी तपासून ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. मी त्यांना परत एकदा ऐकायला लावलं, त्यांनी ऐकलं. एसटीत आत्याबाईंनी तिला मांडीवर घेतलं. मी खिडकीकडे तोंड करून राजूर येईस्तोवर रडले, पोरासाठी. आत्याबाई मला गप्प बस म्हणाल्या नाहीत.