हरताळाच्या दिवशी आई मुंबई बघायला निघाली

हरताळाचा दिवस होता. गिरगावात दुकानांना कुलपं, ट्राम बंद... आणि आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांत पेणचे पाहुणे खच्चून भरलेले. गोष्ट संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली, मी शाळकरी होते तेव्हाची. आता माझी नातवंडं लग्नाची झाली, तरी आठवलं की अजून डोकं फिरतं.

पेणच्या लोकांना तेव्हा मुंबई म्हणजे हाकेच्या अंतरावर. धरमतरला लाँचमध्ये बसायचं, भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि थेट आमच्या दारात! दर मे महिन्यात आत्या, आतोबा आणि त्यांची मुलं यायची. मग एक दिवस राणीची बाग, एक दिवस म्हातारीचा बूट, एक दिवस मत्स्यालय...

आणि आई? आई पहाटे उठून पुऱ्या तळायची. बटाट्याची सुकी भाजी, दशम्या, कैरीचं लोणचं... डबे भरून आम्हाला ट्रामकडे पिटाळायची आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागायची. आम्ही दमूनभागून येणार, तेव्हा पानं तयार हवीत ना!

आई मूळची राजापूरकडची. लग्न होऊन गिरगावात आली, तीन मुलं झाली, पण चौपाटी, भाजीबाजार आणि देऊळ यापलीकडे तिने मुंबई पाहिलीच नव्हती. पाहुण्यांना सांगायची मात्र अशी, की वाटावं ही रोज जाते. "आधी हरणं लागतील, मग माकडं. वाघाकडे भर दुपारी जाऊ नका, झोपलेला असतो." हे सगळं आम्हा पोरांच्या तोंडून ऐकलेलं! कुणाला कधी शंकासुद्धा आली नाही.

त्या वर्षी आत्याने सहज विचारलं, "वहिनी, तुम्ही हत्तीवर बसलात की नाही कधी?" आई नुसती हसली. आत्याच्या काय ते लक्षात आलं आणि तिने अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फैलावर घेतलं. "दादा, उद्या वहिनी येणार. नाहीतर मीही जात नाही." अण्णा म्हणाले, "मी कुठे नको म्हटलंय?" अण्णांचं हे नेहमीचंच... नको कधी म्हणायचे नाहीत आणि चलही म्हणायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी आईने ट्रंकेतलं हिरवं इरकली लुगडं काढलं. डबे भरले, आमच्या वेण्या घातल्या. मी इतकी खूश होते, की तिला वाघ मीच दाखवणार असं धाकट्या भावाला बजावून ठेवलं होतं. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, "आज हरताळ!" आदल्या संध्याकाळी कुठेतरी लोकांवर लाठ्या चालल्या होत्या, त्याचा निषेध.

अण्णा म्हणाले, "बाग काय पळून जातेय? आज घरीच. अगं, आता आहेसच तर काहीतरी गोड कर." आणि आतोबांबरोबर पत्ते पिसायला बसले. रोज संध्याकाळी गॅलरीत उभं राहून 'मुंबई आमची' अशी आरोळी ठोकणारा माणूस, हरताळाच्या दिवशी पत्ते खेळतोय!

खाली चाळीतल्या बायका मोर्चाला जमत होत्या. आईने गॅलरीतून एकदा वाकून पाहिलं, आत आली आणि चपला घातल्या.

"कुठे?" अण्णांनी विचारलं.

"मोर्चाला."

"वेड लागलंय का? तिथे लाठ्या चालतात. आणि घरात पाहुणे आहेत!"

"डबे भरलेले आहेत, बसून खा," आई म्हणाली. "रोज ओरडता ना, मुंबई आमची म्हणून? मग मी एकदा बघून तरी येते."

आत्याने पदर खोचला. "वहिनी, तुम्ही निघा. गोडाचं मी बघते."

दुपारभर अण्णा गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. आई परतली ती उन्हाने लालबुंद होऊन, आवाज पार बसलेला. पण बोलायची थांबेना! फोर्टातल्या इमारती केवढ्या उंच... भर रस्त्यात ट्रामच्या रुळांवरून चाललो गं... पोलीस आमच्याकडे बघत होते आणि आम्ही पोलिसांकडे. आत्याने तिला पान वाढलं आणि आम्ही सगळे भोवती बसून ऐकत राहिलो.

इथे गोष्ट संपली असती तर मी रागावले नसते.

दुसऱ्या दिवशी ट्राम सुरू झाल्या आणि राणीची बाग ठरली. आत्याने पुन्हा आग्रह केला, पण आईचे पाय टम्म सुजलेले. "तुम्ही जाऊन या, मला चालवणार नाही," आई म्हणाली. त्यावर अण्णा काय म्हणाले असतील? "बरं. मग संध्याकाळी साधा वरणभातच टाक."

एक दिवस थांबू या, असं त्यांच्या तोंडून आलं नाही. आणि हेच अण्णा पुढे वर्षानुवर्षं भेटेल त्याला छाती फुगवून सांगायचे, "आमची मंडळीसुद्धा मोर्चात होती बरं का!" ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पुढे राज्य झालं, मुंबई मिळाली. रोषणाई बघायला अख्खं घर लोटलं... आई पाहुण्यांच्या जेवणाचं बघत घरी. मी कमावती होऊन तिला हौसेने न्यायचं म्हटलं, तोवर तिचे गुडघे गेले होते. बाग राहिली ती राहिलीच.

आत्या, निदान तू विचारलंस तरी. तुझे उपकार मी विसरणार नाही.

मुंबईसाठी केवढी माणसं रस्त्यावर उतरली होती... माझ्या आईला राणीची बाग दाखवायला एक माणूस पुरला असता.