मेमोरॅण्डमखालच्या सव्वीस सह्या

आमच्या प्राचार्यांना ‘अम’ने संपणाऱ्या इंग्रजी शब्दांचा फार सोस होता. नोटिशीत चूक झाली तर ते कॉरिजेण्डम काढत, मागाहून काही सुचलं तर ॲडेण्डम, आणि पोर्चमध्ये सायकली लावू नका एवढं सांगायला मेमोरॅण्डम. लॅटिन शेपटीमुळे शब्द लांब दिसतो, आणि शब्द लांब दिसला की तो वापरणाराही उंच दिसत असावा.

नागपुरातलं ते एक खाजगी कॉलेज. मी तिथे इंग्रजी शिकवत होतो आणि प्रोबेशनवर होतो. मार्चमध्ये संस्थेची बैठक व्हायची, तीत मला कायम करतील किंवा घरी पाठवतील. घरी बायकोला सातवा महिना होता. आणीबाणीचं वर्ष, पानठेल्यावरही माणसं आधी मागे बघून मग बोलत.

फेब्रुवारीत टायपिस्ट रजेवर गेला आणि प्राचार्यांच्या नोटिसा टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. एका दुपारी नोटीस झाली, कागद उरला होता आणि ऑफिसात कोणी नव्हतं. मी इंग्रजीत एक शब्दकोश टाइप केला. त्याचा मराठी मासला असा:

मेमोरॅण्डम: लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट, लक्षात ठेवण्याजोगं काही नसताना काढतात.
कोरम: सभेत झोपायला लागणारी किमान माणसं.
ऑडिटोरियम: मुळात ऐकण्याची जागा, आमच्याकडे ऐकून घेण्याची.
व्हॅक्यूम: पोकळी. उदाहरणार्थ प्राचार्यांची खोली, ते आत असताना.

स्टाफरूममध्ये दोघातिघांना दाखवून फाडून टाकणार होतो. तेवढ्यात व्हरांड्यात प्राचार्यांच्या बुटांचा आवाज आला. समोर नोटीस बुक पडलं होतं. मी कागद त्यात सारला आणि खरी नोटीस हातात धरून उभा राहिलो. सहीसाठी त्यांनी मला आत बोलावलं, मग माझ्या तासाची घंटा झाली, आणि मी वर्गावर गेलो; कागद वहीतच राहिला.

आमच्याकडे नोटीस फिरवायची पद्धत ठरलेली होती. नोटीस बुकात जो टाइप केलेला कागद असेल तो शिपाई खळ लावून चिकटवायचा आणि वही घेऊन वर्गावर्गात फिरायचा. प्राध्यापक शिकवता शिकवता थांबायचे, सही करायचे, पुढे शिकवायचे. वाचायचं कोणीच नाही. वाचत बसलं तर पोरं गोंधळ घालत.

शिपाई पन्नाशीचा, कुही तालुक्याकडचा. इंग्रजी त्याला येत नव्हतं. त्याचा नियम एकच: वहीत कागद आहे म्हणजे त्याखाली सगळ्यांच्या सह्या हव्यात.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आला. मी वही उघडली. डाव्या पानावर खरी नोटीस होती आणि उजव्या पानावर माझा शब्दकोश, चारी कोपरे नीट चिकटवलेला. त्याखाली एकवीस सह्या. उपप्राचार्यांची हिरव्या शाईतली सगळ्यात वर.

पान फाडावं तर साठ पोरं बघत होती.

“सही मारा ना सर,” शिपाई म्हणाला. “अजून चार वर्ग राह्यले मले.”

“हे कुठून आलं?”

“वहीतच होतं. काहून, काही चुकलं काय?”

सही केली नाही तर सव्वीसांत एकच जागा रिकामी दिसणार, आणि ती माझी. मी सही केली. ती इतकी वाकडी आली की माझी मलाच ओळखू येईना.

संध्याकाळी वही प्राचार्यांच्या टेबलावर गेली.

पुढचे दोन दिवस काहीच झालं नाही. मला जेवण जाईना. बायको म्हणाली, “काहून असे बसून राह्यले? कोण काही बोललं काय तुम्हाले?” मी म्हटलं, ऊन लागलं. ऊन लागायचे दिवस नव्हते, पण तिनं कांदा चिरून पुढे ठेवला.

तिसऱ्या दिवसापासून एकेकाला आत बोलावणं सुरू झालं. बाहेर येणारा थेट आपल्या वर्गाकडे जाई. माझी पाळी सगळ्यात शेवटी आली.

“ही सही तुमची?” प्राचार्यांनी विचारलं.

“हो, सर.”

“वाचून केलीत?”

“वर्ग चालू होता, सर.”

“सगळ्यांचाच वर्ग चालू होता,” ते म्हणाले. चेहरा थकलेला होता; त्या दिवशी प्रथमच ते मला उंच दिसले नाहीत. “कोणी लिहिलं असेल?”

“सांगता येत नाही, सर.”

नोटिसा मीच टाइप करतो हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी फक्त जायला सांगितलं. सव्वीस प्राध्यापकांवर कारवाई करायची तर संस्थेला कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं तर व्हॅक्यूमचा अर्थ मोठ्यानं वाचावा लागणार. आपण सुटलो, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शिपाई मला प्रयोगशाळेच्या जिन्याखाली भेटला. त्याच्या हातात एक लिफाफा होता.

“सर, हे मेमोरॅण्डम मंजे काय असते?”

याच शब्दावर मी एक खुसखुशीत ओळ लिहिली होती. आता म्हणालो, “तुम्हाला जाब विचारलाय. परवानगी नसलेला कागद फिरवला म्हणून. तीन दिवसांत लेखी उत्तर द्यायचं.”

“नाही देल्लं तर?”

“काढू शकतात.”

तो पायरीवर बसला. लिफाफा त्यानं मांडीवर सरळ करून ठेवला. मग म्हणाला, “तुम्हीच लिहून द्या. मशीनवर त्या दिवशी तुम्हीच होते. साहेबानं विचारलं मले, तवा म्या म्हटलं, मले का समजते इंग्रजीतलं.”

मी जिन्याकडे पाहिलं. खरं बोलायचं म्हणजे वर प्राचार्यांच्या खोलीत जाऊन बोलायचं होतं. जिना चौदा पायऱ्यांचा होता. मी त्या मोजल्या आणि खालीच राहिलो.

घरी बसून मी त्याच्या वतीनं उत्तर लिहिलं: मला इंग्रजी वाचता येत नाही. वहीत असलेला कागद चिकटवून फिरवणे हे माझे काम. सव्वीस विद्वानांनी त्यावर सही केली, एकानेही मला अडवले नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं इंग्रजी मी तेव्हा लिहिलं, आणि त्याखाली अंगठ्यासारखी त्याची मोडी सही घेतली.

त्याला ताकीद मिळाली, ती त्याच्या सेवापुस्तकात गेली. मार्चमध्ये मी कायम झालो. मी त्याच्यासाठी पेढे नेले. त्यानं एक घेतला, कागदात बांधला, खिशात ठेवला, आणि वही पुढे केली. त्यात नवी नोटीस होती. मी पेन काढलं तर त्यानं वहीवर हात ठेवला.

“वाचा,” तो म्हणाला.

वर्ग माझी वाट बघत होता. तो हात उचलीना. मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.