चौथ्या दिवसाची रांगोळी

बनशंकरीतल्या त्या घराचा उंबरठा निवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांसमोरून हललेला नाही.

मी तिथल्या ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. आमचे घराणे कित्येक पिढ्या बेंगळुरूचे. घरात मराठी, ठाण्यात कन्नड. एका सकाळी हजेरी आटोपून टपाल बघत असताना दंडाधिकाऱ्यांचा आदेश हाती आला. एका वित्त कंपनीने कर्ज थकल्यामुळे गहाण घर लिलावात विकले होते आणि येत्या सोमवारी ताबा घेताना पोलीस बंदोबस्त हवा होता. अशी कामे महिन्याला दोन-तीन यायचीच. मी डायरीत नोंद करायला सांगितले आणि दोन महिला कॉन्स्टेबल नेमल्या.

दुपारी त्या घरची बाई आली. पन्नाशीची, विधवा. नवऱ्याचे कापडाचे दुकान होते, त्यासाठी घर गहाण टाकलेले. माझ्या नावाची पाटी वाचून ती एकदम मराठीत बोलू लागली.

"अण्णा, स्वल्प ऐका. कर्ज घेतलं हे मी नाही म्हणत नाही. पहिली नोटीस आली तेव्हा हे होते. पण लिलावाची नोटीस आमच्या दारावर लागलीच नाही. लागली असती तर मीच गिऱ्हाईक बघून घर विकलं असतं, कर्ज फेडून चार पैसे हाती राहिले असते. आता सोमवारी मी जाऊ कुठं?"

मी ऐकून घेतले आणि मनात म्हटले, झाले सुरू. तीस वर्षांच्या नोकरीत 'मला नोटीस मिळाली' असे म्हणणारा कर्जदार मला एकही भेटला नव्हता. मी तिला सांगितले की हा दिवाणी मामला आहे, वकील गाठा आणि कर्ज वसुली न्यायाधिकरणात जा. ती गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. वकील स्थगितीचा अर्ज करणार होता, पण नुसत्या तोंडी सांगण्यावर स्थगिती मिळणे कठीण, असे त्याने बजावले होते.

तिसऱ्या दिवशी आमचा हवालदार घराची पाहणी करून आला. समोरच्या झाडाखाली इस्त्रीवाल्याची गाडी असते. तो हवालदाराला सहज म्हणाला होता, "घर घेणारा साहेब तर लिलावाच्या आधीच येऊन गेला. नोटिसा लावणाऱ्या माणसाच्याच बाईकवर मागे बसून."

लिलावात बोली एकच आली होती, हे मी आदेशात वाचले होते. आता मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. तरी बाईवरचा संशय गेला नव्हता. इस्त्रीवाला तिच्या ओळखीचा, तिनेच पढवला असेल, असेही वाटले. मी कंपनीकडून नोटिशीच्या कागदांची प्रत मागवली. नियमाप्रमाणे लिलावाची नोटीस तीस दिवस आधी दारावर चिकटवावी लागते आणि तिचा फोटो ठेवतात. फोटो होता, खाली तारीख होती, वसुली एजंटाची सही होती. सगळे जिथल्या तिथे. मी फाईल मिटली आणि बाईला बोलावले. खोटे तिच्या तोंडावर मारायचे होते, दुसरे काही नाही.

तिने फोटो हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली.

"तारीख बरोबर आहे ना, अक्का?" मी जरा खवचटपणेच विचारले.

"अण्णा, ही रांगोळी कोणी काढली?"

मी फोटो पुन्हा पाहिला. दारावर कागद, त्यावरची अक्षरे वाचता न येण्याइतकी बारीक. आणि खाली उंबरठ्यासमोर ठसठशीत रांगोळी, ठिपक्यांची, मध्ये हळदकुंकू.

"हात माझाच आहे," ती म्हणाली. "पण ह्या तारखेला हे जाऊन चौथा दिवस होता. घरात सुतक. देवापुढं दिवा नव्हता अण्णा, दारात रांगोळी कोण काढंल?"

मला शरम वाटली. माझे वडील गेले तेव्हा तेरा दिवस आमचे अंगण कोरडे होते. कन्नड अधिकाऱ्यालाही हे कळले असते, मग मला तर कळायलाच हवे होते. तरीही सवयीने मी महापालिकेतून मृत्यूचा दाखला पडताळून घेतला. तारीख जुळली. मग तिची तक्रार लिहून घेतली, बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवला आणि एजंटाला जबाबासाठी बोलावले.

तो मारतहळ्ळीला राहणारा, पुण्याकडून आलेला, तिशीचा चटपटीत माणूस. मी मराठी आहे हे कळताच त्याने खुर्ची पुढे ओढली.

"सर, आपण सगळी प्रोसिजर फॉलो केलीये. डिफॉल्टर लोक असंच बोलतात, तुम्हाला माहितीच आहे."

"माहीत आहे," मी म्हणालो. "नोटीस तुम्ही स्वतः लावली? त्याच तारखेला?"

"हंड्रेड परसेंट. सकाळी दहाला."

"घरी कोण होतं?"

"मॅडमच होत्या ना. दारात रांगोळी काढत होत्या. मी थांबलो, त्यांची झाल्यावर मग पेस्ट केली."

आरडाओरडा केला की समोरचा माणूस गप्प होतो. मोकळा सोडला की खोट्याला स्वतःच वेलबुट्टी काढतो. मी तो जबाब शब्दशः उतरवून घेतला, त्याला वाचून दाखवला, सही घेतली. मग मृत्यूचा दाखला समोर ठेवला. त्याने तो दोनदा वाचला आणि पाणी मागितले.

मोबाईल जप्त केल्यावर उरलेले उलगडले. तो फोटो पहिल्या नोटिशीच्या वेळचा, नवरा हयात असतानाचा होता. लिलावाच्या नोटिशीसाठी हा गडी तिथे गेलाच नव्हता, म्हणून घरात माणूस गेल्याचा त्याला पत्ता नव्हता. एकमेव बोली लावणारा त्याचा सख्खा मेहुणा निघाला; त्याला घर दाखवले होते तेही रस्त्यावरूनच.

शुक्रवारी वकिलाने ही कागदपत्रे न्यायाधिकरणापुढे ठेवली आणि सोमवारच्या ताब्याला स्थगिती मिळाली. पुढे लिलाव रद्द झाला. कर्ज मात्र रद्द झाले नाही, होणारही नव्हते. बाईने न्यायाधिकरणाने दिलेल्या मुदतीत स्वतः गिऱ्हाईक शोधून घर विकले, देणे फेडले आणि के. आर. पुरमला बहिणीजवळ दोन खोल्या घेतल्या.

घर सोडायच्या दिवशी तिने मला बोलावले. मी साध्या कपड्यांत गेलो. टेम्पो भरून उभा होता आणि ती दारात वाकून रांगोळी काढत होती.

"विकलेल्या घरापुढं कशाला, अक्का?"

"किल्ली संध्याकाळी द्यायची आहे. तोवर घर माझं." मग हात झटकत ती उभी राहिली. "एक विचारू, अण्णा? तुम्ही पण आधी मला खोटीच समजला होता ना?"

"हो," मी म्हणालो. दुसरे काय सांगणार?

"सरी, ठीक आहे. निदान तुम्ही फोटो तरी दाखवला."

ते वाक्य माझ्या जिव्हारी लागले. फोटो मी तिला खोटे पाडायला दाखवला होता. त्यानंतरच्या प्रत्येक बंदोबस्तात मी आधी कागदपत्रे घरच्या माणसापुढे ठेवत गेलो, आणि बहुतेक वेळा ती खरीच निघाली. पण त्याआधी, तारीख आणि सही बघून मी फायली मिटल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी घरांची दारे माझ्याच माणसांनी कंपन्यांना उघडून दिली होती. त्या उंबरठ्यांवर काय होते, हे मी कधी पाहिलेच नव्हते.